गडबडीचं साल

बांगलादेशातल्या नेत्रकोनाकडच्या एका गावात म्हातारी माणसं वय सांगताना एकाहत्तरच्या युद्धाच्या वर्षाला सरळ ‘गडबडीचं साल’ म्हणतात. हसना बानूला ते कधीच सोसलं नाही. त्याच साली पाकिस्तानी सैनिकांनी तिच्या नवऱ्याला नदीच्या घाटावरून उचलून नेलं आणि त्याचं प्रेतही परत आलं नाही.

नातीला पाहायला पाहुणे आले होते. मुलाचा काका सुपारी कातरत म्हणाला, “माझा जन्म गडबडीच्या सालचा, बरं का विहीणबाई!”

“गडबड लग्नघरात होते, भात कमी पडला की,” हसना बानू कडाडली. “माझ्या घरात त्याला मुक्तियुद्ध म्हणायचं.”

“अहो, तेव्हा लोक भीतीनं तसं म्हणायचे. तीच सवय राहिली.”

“भीती घालणारे कधीच गेले. आता कुणाला घाबरता?”

सुनेनं मागून पदर ओढला. “अम्मा, स्थळ हातचं जाईल!”

“जाऊ दे. तुझ्या सासऱ्याच्या मरणाला जिथं गडबड म्हणतात, तिथं माझी नात नांदणार नाही.”

काकाचा अडकित्ता थांबला. “मुक्तियुद्धाच्या साली जन्मलो,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

“मोठ्यानं बोला,” हसना बानू म्हणाली. “नवरा मुलगा बाहेर ओसरीवर बसलाय, त्यालाही ऐकू जाऊ दे.”