मालतीची सोडचिठ्ठी

रखमाजी चहा बशीत ओतायचा आणि पार गार होईपर्यंत नुसता बघत बसायचा. शाई औषधाच्या बाटलीत ठेवायचा. मालकाचा जुना कोट घालायचा, भर वैशाखातसुद्धा. स्वतःचं वाक्य मोठ्यानं वाचताना त्याचे डोळे भरून यायचे. दुसऱ्याचं वाचताना जांभई यायची. विहिरीचं पाणी त्यानं कधी ओढलं नाही. ‘मी’ हा शब्द तो वापरत नसे. लेखकाला भूक लागली आहे, लेखक जरा पडतो आहे, असं म्हणे.

गेल्या पौषात तो न्यूमोनियानं वारला. वय असेल चाळिशीच्या आत-बाहेर.

खंडाळ्याला तो एका बंगल्याची राखण करायचा. मालक मुंबईहून मे महिन्यात येत. बाकीचे अकरा महिने बंगला रखमाजीचा. म्हणजे व्हरांडा रखमाजीचा, आणि झाडलोट, पाणी, बाग, कुंपण हे सगळं विठाबाईचं. विठाबाई त्याची दुसरी बायको. पावसाळ्यात त्याच्या वह्यांना बुरशी यायची. मग तो त्या चुलीभोवती मांडायचा आणि वह्या वाळेपर्यंत भाकरी थांबायची.

आमचं लोणावळ्याच्या बाजारात वह्या-दौतीचं दुकान आहे. वाङ्मय घेऊन मी पुण्याहून बी.ए. होऊन आलो, त्याच वर्षी तो वही घ्यायला आला. मला वाटलं, आपल्या गावात लेखक आहे. पुढं चार वर्षं मी दर रविवारी चालत खंडाळ्याला गेलो. तो वाचायचा, मी ऐकायचो. लाज वाटते, पण मी मानही डोलवायचो.

कादंबरी त्याच्याच आयुष्याची होती. नायकाचं नाव अविनाश. अविनाशची पहिली बायको मालती. मालती दिवाणखान्यात पेटी वाजवायची आणि अविनाशच्या लिखाणाला हसायची. शेवटी ती त्याला टाकून जायची. तिथं रखमाजी हमखास रडायचा.

खरी पहिली बायको सरुबाई. कुरवंड्याची. तिनं पेटी कधी पाहिलीही नसेल. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन ती लोणावळ्याच्या बाजारात यायची, त्यावर रखमाजी सातवीची फायनल पास झाला. बंगल्यावर नोकरी लागली तेव्हा तो तिला म्हणाला होता, “दोन दिवसांत न्यायला येतो.” त्याला नऊ वर्षं झाली होती.

एकेचाळीस साली सरुबाईला मारुतीनं मागणी घातली. मारुती घाटात रेल्वेच्या गँगमध्ये होता, बायको वारलेला. चैत्रात त्याची इगतपुरीला बदली होणार होती. त्याआधी सरुबाईशी पाट लावायचा, असं ठरलं. त्यांच्या जातीत पहिल्या नवऱ्यानं सोडचिठ्ठी लिहून द्यायची आणि पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की बाई मोकळी. तसं न करता दुसऱ्या घरी नांदली, तर ती वाळीत.

पंचांतले शिदूआबा एका रविवारी मी असतानाच बंगल्यावर आले. रखमाजी लगेच कबूल झाला. आठ दिवस मागितले.

“तीन वळीला आठ दिस?” आबा म्हणाले.

“आबा, हा कादंबरीचा शेवट आहे.”

“तुजा शेवट व्हऊ दे कवाबी. पोरीचं नडाय लागलंय.”

मी मध्ये पडलो. म्हटलं, मी लिहितो, तो सही करील.

“न्हाई इकबालभाऊ. दुसरा कुनी असता तर आंगठाबी चालला असता. ह्यो लिवनारा हाय. उद्या म्हनंल, म्या ह्ये लिवलंच न्हाई. अक्षर त्याचंच पायजे.”

आठव्या दिवशी कुरवंड्याच्या देवळापुढं पंच बसले. रखमाजी कोट घालून आला. चार पानं लिहिली होती. पंचांनी ती मला वाचायला दिली. मावळत्या सूर्यानं एक पान खाल्लं. दुसऱ्या पानावर नशीब होतं. तिसऱ्या पानावर, ‘जा मालती, अविनाशनं तुला मुक्त केलं आहे.’

मी थांबलो. तो माझ्याकडं बघत होता. डोळे भरलेले.

“ही मालती कोन?” आबांनी विचारलं.

“ते... सरूच ती. लिहिण्याच्या भरात राहून गेलं.”

“मंग मालतीला सोडलीस. बरं क्येलंस. सरूचं काय?”

पंच हसले. बायांच्या घोळक्यातून विठाबाई म्हणाली, “आबा, माजंबी नाव बगा त्यात. म्या कोन हाय, मला तरी कळू द्या.”

कागद परत दिला. काडी तशीच राहिली. रखमाजी माझ्या कानात म्हणाला, “अडाणी लोक. चौथं पान ऐकलंच नाही.”

मारुतीची गाडी शनिवारी दुपारची होती. शनिवारी सकाळी सरुबाई स्वतः बंगल्यावर आली, बरोबर आबा आणि मी. लुगड्याच्या गाठीत काडी बांधून आणली होती. व्हरांड्याच्या पायरीवर बसली. नऊ वर्षांनी ती त्याच्यासमोर आली होती. तिनं खुशाली विचारली नाही.

“लिव,” ती म्हणाली.

त्यानं नवी, बारावी वही उघडली. अर्धी ओळ लिहिली. मग टाक तसाच धरून दरीकडं बघत बसला.

“काय झालं?” मी विचारलं.

“शब्द सापडत नाही.”

“आरं, बायकू,” आबा म्हणाले. “बायकू म्हन आन् सोड.”

“बायको फार सपाट आहे, आबा.”

सरुबाई तासभर बसली. विठाबाईनं तिला चहा दिला. तिनं तो गरमच प्यायला. मग ती उठली. गाठीतली काडी काढून पायरीवर ठेवली आणि स्टेशनाकडं चालू लागली. चिठ्ठी नव्हती, पाट नव्हता. ती तशीच मारुतीबरोबर इगतपुरीला गेली.

पंचांनी दोघांना वाळीत टाकलं. पुढच्या साली तिची आई वारली, तर तिला मातीला येऊ दिलं नाही. चिठ्ठीचं काय झालं, म्हणून मी रखमाजीला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, “लेखक त्यावर काम करतो आहे.” दुसऱ्यांदा ऐकल्यावर माझे रविवार बंद झाले.

तो गेल्यावर विठाबाईनं वह्या दुकानात आणून टाकल्या. म्हणाली, “पुडी बांदायला घ्या.” अकरा वह्यांत कादंबरी पुरी आहे. अविनाश आणि मालती यांची ताटातूट सबंध सदतीस पानं चालते. बाराव्या वहीचं पहिलं पान तेवढं लिहिलेलं आहे:

‘मी रखमाजी, राहणार खंडाळा, लिहून देतो की सरुबाई ही माझी’