साक्षगंधाच्या दिवशी उष्टी ताटं

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

सौसरहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात मी अकरा वर्षं वेटर होतो. ताट आणायचं, ताट न्यायचं, त्यात काय शिकायचं, असं लोकांना वाटतं. मला शिकायला दोन वर्षं लागली. एका हातावर तीन भरलेली ताटं, तीही रस्सा न हिंदकळता. आठ जणांची ऑर्डर न लिहिता डोक्यात ठेवायची. नवरा-बायको भांडून आले असतील तर नुसतं पाणी ठेवून बाजूला व्हायचं, काय पाहिजे ते नंतर विचारायचं. कोणी चुटकी वाजवून बोलवायचं, कोणी 'ए' म्हणायचं. त्याचाही राग यायचा, पण टेबल पुसता पुसता तो निघून जायचा.

लोधीखेड्याचे एक म्हातारे काका महिन्यातून एकदा डॉक्टरकडे सौसरला येत आणि आमच्याकडे जेवून जात. त्यांचा उजवा हात थरथरायचा. मी त्यांचा ग्लास अर्धाच भरायचो. रोटीचे तुकडे आत भटारखान्यातच करून आणायचो, चारचौघांत त्यांना लाज वाटू नये म्हणून. वरण वाटीऐवजी खोलगट ताटलीत द्यायचो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चार वर्षं ते माझ्याच टेबलावर बसले. दुसरा कोणी आला तर म्हणायचे, "तू राहू दे, त्याले पाठव."

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या पुतण्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या वरच्या हॉलमध्ये ठरलं. हा पुतण्या माझ्यासोबत लोधीखेड्याच्या शाळेत एका बाकावर बसायचा. सकाळी तो तयारी पाहायला आला. मला पाहून हसला, "अरे, तू इथं हायेस काय?" म्हणाला, बायको-पोरांचं विचारलं. मग खाली काउंटरवर जाऊन सेठशी बोलत बसला.

तो गेल्यावर सेठने मला बोलावलं.

"आज तू वाढू नको. ताटं उचल. वाढायले ते दोघं हायेत."

"काऊन?"

"पाहुणे जुन्या वळणाचे हायेत म्हणते. त्याची पोरीकडची बाजू हाये, त्याले नाही म्हणता येत नाही. तू तर समजदार हायेस."

मला समजायला वेळ लागला नाही. आम्ही बौद्ध. माझं आडनाव हॉटेलात कोणी विचारत नव्हतं, पण पुतण्याला ते शाळेच्या हजेरीपासून पाठ होतं. त्यांनी खायच्या आधी माझा हात चालत नव्हता. खाऊन झाल्यावर चालत होता.

मी तेव्हाच निघून जायला पाहिजे होतं. गेलो नाही. हॉल भरून पाहुणे आणि वाढायला दोघंच, दोघांनाही मीच तयार केलेलं. त्यांची फजिती होईल म्हणून थांबलो. या थांबण्याचा राग मला स्वतःचाच येतो.

जेवणं सुरू झाली. मी प्लास्टिकचा टब घेऊन टेबलाटेबलावरून उष्टी ताटं गोळा करत होतो. काका मधल्या टेबलावर पुतण्याशेजारी बसले होते. वेटरने त्यांचा ग्लास काठोकाठ भरला. काकांनी तो उचलला आणि अर्धं पाणी त्यांच्या नव्या सदऱ्यावर सांडलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"तो कुठी हाये? तो काऊन नाही वाढून राहिला?"

"तो दुसऱ्या कामात हाये, काका," पुतण्या म्हणाला.

मी तीन पावलांवर उभा होतो.

"मी दुसऱ्या कामात नाही, काका," मी म्हणालो. "मी बौद्ध आहो, म्हणून मले आज वाढू नको म्हटलं. यांनीच सांगितलं सेठले."

मी आवाज चढवला नाही. तरी आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. पुतण्याचा चेहरा उतरला. "मी असं नाही म्हटलं," तो ताटाकडे पाहत पुटपुटला. "सेठनंच ठरवलं असंन." सेठ दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

मी काकांकडे पाहत राहिलो. पुतण्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती, काकांकडून होती. काकांनी रुमालाने सदरा पुसला. मग म्हणाले, "भाजी थंडी होऊन राहिली," आणि मान खाली घालून जेवू लागले.

तो पुतण्या मला एखाद्या दिवशी आठवतही नाही. काकांची ती खाली घातलेली मान रोज आठवते.

मी टब तिथंच खाली ठेवला, ॲप्रन काढून त्यावर टाकला आणि जिना उतरलो. सेठ मागून आला.

"पार्टी होऊ दे, मग बोलू. मनावर नको घेऊ. धंद्याची गोष्ट हाये."

"अकरा वर्षं तुमच्या धंद्यात माझेच हात होते, सेठ," मी म्हणालो आणि बस पकडून बोरगावला घरी आलो.

बायको अंगणात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप थांबवून एवढंच विचारलं, "टब ठेवला का फेकला?"

"ठेवला."

"फेकाचा होता," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

महिन्याभराने सेठचा फोन आला. मोठं लग्न आहे, पोरांना जमत नाही, दोन दिवस ये, म्हणाला.

"वाढायले का ताटं उचलायले?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तू येऊन तर पाह्य." मी फोन बंद केला.

आता मी पांढुर्ण्याला, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आहे. पहिल्या दिवशी दुसरं काही बोलायच्या आधी मी मालकाला आडनाव सांगितलं आणि चालेल का म्हणून विचारलं. तो हिशोबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, "मले वेटर पायजे."

मागच्या आठवड्यात मी रोटी वाढत असताना एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "कोणत्या गावचे? आडनाव काय तुमचं?" मी दोन्ही सांगितलं. मागून दुसरं टेबल हाक मारत होतं, पण मी ताट हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, रोटीकडे पाहिलं. मग एक तुकडा मोडून रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. तो गिळेपर्यंत मी हललो नाही.