कार्टूनमधली तिसरी वाटी

कार्टून पोरांसाठी असतं म्हणणाऱ्यांनो, आज दुपारी अमरावतीत माझ्या शेजारी बसायला हवं होतं तुम्ही.

माझी भाडेकरू सुनंदा आणि तिची चिमी, दोघींना सिनेमाला नेलं. यंदा कपाशी गेली, पाठोपाठ चिमीच्या बापाने जीव दिला. तेव्हापासून त्या माझ्याकडे राहतात.

पडद्यावर नवरा गेलेली उंदरीण सवयीने तीन वाट्या मांडते, थबकते, एक परत ठेवते. संगीत नाही, अश्रू नाहीत. चित्रकाराने फक्त थांबलेला हात काढलाय.

चिमी मोठ्याने म्हणाली, "आई, इले बी तुयासारखी भूल पडते."

मागे कुणीतरी हसलं. मी वळून म्हटलं, "दात दाखवायला दवाखाना आहे, भाऊ."

सुनंदा पडद्याकडेच बघत राहिली.

घरी आल्यावर तिने ताटं काढायला घेतली आणि मी उगाच अंगणात गेले. तो हात थांबताना मला पाहवला नसता.