दिसायला सगळं नीट

आमच्या जिन्यात तिला सगळे मुकादम म्हणतात. वय सतरा, अंगाने काडी, पण तोंड सुरू झालं की गॅसवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे सरळ होतात. मी तळमजल्यावर कपडे अल्टर करून देते. मशीन दाराशीच असतं, त्यामुळे कोण चढलं, कोण उतरलं हे मला न विचारता कळतं. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे.

मुकादमचा बाप बस चालवायचा. मोठा रुबाबदार माणूस, मिशीला पीळ, सगळ्यांशी थट्टा. एका सकाळी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि डावा हात मांडीवर पडला तो पडलाच. बायको आधीच गेलेली. नातेवाईक आले, हळहळले, सल्ले देऊन गेले. सल्ल्याला काय, पदरचं काही जात नाही. त्याला उठवणं, अंघोळ, जेवण, औषधं, सगळं पोरीच्या अंगावर आलं. शाळा तिने कशीबशी पुरी केली. यंदा तिला डिझेल मेकॅनिकच्या कोर्सला जागा मिळाली. बापाची बस बिघडली की लहानपणी ती त्याच्याबरोबर इंजिनात डोकं घालायची, तेव्हाचं वेड ते. पण कोर्स दिवसभराचा, आणि पहिल्या तारखेला हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला. बापाजवळ दिवसभर बसणार कोण?

नगरपालिकेची एक योजना मला गिऱ्हाइकाकडून कळली. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल आणि त्याला सांभाळणारं पोर शिकण्याच्या वयाचं असेल, तर दिवसा मदतनीस फुकट मिळतो. ऑफिसातल्या बाई येऊन घर बघतात, मग ठरवतात. मी मुकादमच्या मागे लागून अर्ज करायला लावला.

आता बाई येणार म्हटल्यावर या दोघांनी काय करावं? घर घासून लख्ख केलं. बापाने खुर्चीत ताठ बसायची तालीम केली! बाई आल्या तेव्हा स्वारी इस्त्रीच्या शर्टात, दाढी गुळगुळीत, डावा हात शालीखाली दडवलेला. उजव्या हाताने चहा घेत त्याने बसमधले दोन किस्सेही सांगितले. बाई पोट धरून हसल्या, "छान सांभाळलंय हो तुम्ही," म्हणाल्या आणि गेल्या. आठवड्याने निरोप आला, मदतीची निकड दिसत नाही.

माझं टाळकंच सरकलं. "अगं, बक्षीस समारंभ होता का तो? नटूनथटून बसलात ते!"

"मग काय पसारा दाखवू, काकू? म्हणाले असते, पोरीला झेपत नाही. बाबांना उचलून कुठल्या तरी संस्थेत टाकलं असतं."

माझा सगळा राग एका क्षणात उतरला. इतके दिवस ही एवढी भीती पोटात घेऊन जिना चढत होती आणि मला, दाराशी बसून सगळं कळणाऱ्या मला, त्याचा पत्ताही नव्हता. मी मशीन बंद केलं आणि तडक ऑफिसात जाऊन बसले. बाई मनाने वाईट नव्हत्या. मी त्यांना म्हटलं, "न सांगता या. सकाळी, कामाच्या वेळी."

बाई आल्या, मीही त्यांच्यामागे वर गेले. घर तेव्हाही स्वच्छच होतं. पोरगी रोजच तसं ठेवते, त्याला कोण काय करणार! पण बाप अजून पलंगावर होता, दाढी वाढलेली, आणि मुकादम त्याच्या बगलेत हात घालून त्याला बसतं करत होती. आम्हाला बघताच तिने चादर सारखी केली.

"बसा ना. चाललंय सगळं व्यवस्थित."

"खोटं बोलतेय ती," बाप म्हणाला.

"बाबा, गप्प बसा."

"मीच शिकवलंय तिला." सकाळी उठल्या उठल्या त्याची जीभ जड असते, तरी तो एकेक शब्द ओढून बाहेर काढत होता. "बाई, त्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी खुर्चीतून घसरलो. हिने एकटीने उचललं. मला संडासला हीच नेते, हीच धुते. लेक आहे हो माझी. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिला काय वाटतं ते ती कळू देत नाही."

मुकादम घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुला काय हवंय, बाळ?"

"बाबांना एक पाठीचा टेकू मिळाला तर—"

"बाबांना नाही. तुला."

मुकादमचं तोंड बंद पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. टॉवेल बाजूला ठेवून ती म्हणाली, "मला एकदा आजारी पडायचंय. दोन दिवस. नुसतं पडून राहायचंय."

बापाने मान भिंतीकडे वळवली. मी रडले, उगाच कशाला लपवू.

पहिल्या तारखेला मदतनीस आला. चांगला धिप्पाड गडी. मुकादमने त्याला कुठली उशी कुठे, आधी कुठली बाही घालायची, यावर भलंमोठं भाषण दिलं. तो बिचारा "हो ताई, हो ताई" करत राहिला. मग ती दप्तर खांद्याला लावून उतरली. माझ्या दाराशी पोचते न पोचते तोच वरून बापाची हाक आली, "मुकादम!"

ती गर्रकन वळली. एक पाय पायरीवर गेलाही. तेवढ्यात वरून पुरुषी आवाज आला, "आलो, काका, आलो."

ती तशीच कठडा धरून उभी राहिली. तिच्या तोंडावर सुटका होती, आणि हातातलं काही तरी कुणी काढून घ्यावं तसंही काही होतं.

"काकू, त्याने ओ दिली," ती म्हणाली.

"दिली ना?" मी म्हटलं. "मग आता निघ तू."