वरवट बकालची झोप

ब्रह्मदेशात आमची सॅपरची कंपनी रस्ते आणि पूल बांधायची. दिवसा खोदकाम, रात्री पाळीने पहारा. पहाऱ्याचा नियम एकच: बदलीचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. मरायचं असेल तरी आधी बदली मागा, असं हवालदारसाहेब म्हणत. आम्ही हसायचो, पण नियम अंगात भिनला होता.

कंपनीत वऱ्हाडचे आम्ही दोघेच. मी अमडापूरचा, करीम वरवट बकालच्या पिंजाऱ्याचा मुलगा. ही गावं तशी एकमेकांपासून लांब, पण ब्रह्मदेशात ती शेजारशेजारची झाली होती. बाकीचे आमच्या बोलीला हसत, म्हणून आम्ही ती मुद्दाम मोठ्याने बोलायचो. करीम फार बडबड्या. कापूस पिंजताना बापाच्या पिंजणाची तात, म्हणजे ताणलेली दोरी, जशी टणटणायची, तशी तो तोंडाने हुबेहूब वाजवायचा. पंजाबी जवानसुद्धा फावडं थांबवून ऐकायचे.

एका दुपारी नाल्यावरच्या पुलाच्या फळ्या ठोकत असताना जपान्यांच्या मॉर्टरचे गोळे पडू लागले. एक फळी उडून माझ्या डोक्यात बसली. शुद्धीवर आलो तेव्हा मी खंदकात होतो आणि डोकं करीमच्या मांडीवर होतं. हवालदारसाहेब फील्ड टेलिफोनवर ओरडत होते, "एक कॅज्युअल्टी. हेड इंज्युरी. स्ट्रेचर भेजो." मग करीमकडे वळून म्हणाले, "इसको सोने मत देना."

डोक्याला मार लागलेल्याला झोपू द्यायचं नाही, अशी तेव्हा पक्की समजूत होती. करीमने ऑर्डर पाळली.

"डोये उघड बे, इसनाथ. सांग, गादीत सरकी राह्यली तं काय होते?"

"टोचते."

"कोनाले?"

"मले काय मालूम."

"माह्या बापाच्या इज्जतीले!"

कापूस पिंजण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत त्याने अख्खी गादी माझ्यासमोर तयार केली. माझे डोळे मिटले की गालावर चापट. मग मला तहान लागली. बाटल्या रिकाम्या होत्या.

"नाल्यावरून पानी आनतो," तो म्हणाला. "मी येतपर्यंत झोपू नको बे."

"हाव."

तो गेला आणि पुन्हा गोळे पडले. नंतर स्ट्रेचर आलं. मी विचारलं, "करीम?" उचलणाऱ्यांनी मला पट्ट्यांनी बांधलं आणि ते चालू लागले. तो नाल्याच्या काठावरच मारला गेला, हे मला हवालदारसाहेब इस्पितळात भेटायला आले तेव्हा कळलं.

डिस्चार्ज घेऊन मी मलकापूरला गाडीतून उतरलो तेव्हा जखम भरली होती. झोप मात्र परत आली नव्हती. डोळा लागला रे लागला की कुणी हाक मारल्यासारखा दचकून उठायचो. मेंदूला मार बसला की झोपेची घडी विस्कटते, धीर धर, असं इस्पितळातल्या मेजरसाहेबांनी सांगितलं होतं. माझ्या बायकोने, सावित्रीने, दुधात जायफळ उगाळून दिलं, तळपायांना काशाची वाटी घासली. गावात प्रत्येकाकडे माझ्यासाठी एकेक औषध होतं, आणि ते सगळे रात्री गाढ झोपायचे. मला त्यांचा राग यायचा.

एकदा मी बैलगाडी हाकता हाकता पेंगलो. बैल पार विहिरीच्या काठापर्यंत गेले. मागे सावित्री आणि धाकटी मुलगी बसली होती. सावित्रीने कासरा ओढला म्हणून वाचलो. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटू लागली.

सावित्री ओरडली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "करीमभाऊच्या बापाले अजून भेटले नाही तुमी. जाऊन या."

"काय सांगू त्याले?"

"तुमच्यासाठी पानी आनाले गेला होता, हेच सांगा."

मोटारीने खामगाव गाठलं, पुढे मिळेल त्या गाडीने वरवट बकाल. करीमचे वडील, रहमानचाचा, ओसरीवर कापूस पिंजत होते. मी नाल्यावरचं सांगितलं, माझ्या हरवलेल्या झोपेचंही. त्यांनी तात थांबवली आणि पिंजण बाजूला ठेवलं.

"मंग तुले अजून झोप नाही?"

"नाही चाचा. तो येतपर्यंत झोपू नको म्हनला होता."

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, सावित्रीलाही नाही. चाचा उठले. भिंतीशी एक नवी भरलेली गादी अंथरली.

"नीज इथं. त्याची ड्युटी आता माही."

"चाचा, पन..."

"सो जा बेटा. मी जागा हाव."

ते पुन्हा पिंजायला बसले. तात वाजू लागली, करीम तोंडाने वाजवायचा अगदी तशीच. ती वाजते आहे म्हणजे कुणीतरी जागं आहे, एवढं मला पुरलं. दुपारी पडलो तो दुसऱ्या दिवशी गुरं रानात निघाली तेव्हा उठलो. चाचा त्याच जागी बसलेले, दाढीत कापूस.

"रातभर वाजवत होते?" मी विचारलं.

"वाजवली असती तं गावानं मारलं असतं मले," ते म्हणाले. "नुसता बसलो."

मुलगा गमावलेला माणूस माझ्यासाठी रात्रभर जागला होता. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. पलटणीत कधी रडलो नव्हतो.

त्या एका झोपेने मी बरा झालो नाही. पण झोप येऊ शकते हे कळलं, आणि हळूहळू ती येऊ लागली. नंतर दर हिवाळ्याच्या तोंडी मी गाद्या पिंजून घ्यायला वरवट बकालला जायचो. सावित्री म्हणायची, एवढ्या गाद्या तर पलटणीतही नसतील. आता चाचाही राहिले नाहीत.

अजूनही एखाद्या रात्री जाग येते. आता चिडत नाही. उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असतो. उठून दोन घोट पितो आणि पुन्हा आडवा होतो. सॅपर करीम माझ्यासाठी पाणी आणायला गेला होता. ते मला पोचलं, असं मी धरून चालतो.