समोरच्या बाजूला ती

शटलचा नवा डबा उघडला की पिसांचा मंद वास येतो, आणि स्पर्धेसाठी मी कुठल्याही शहरात असले तरी मनाने पोलादपूरच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये जाऊन पोचते. त्या सकाळी घाटातलं धुकं खिडक्यांतून आत शिरून नेटला टेकलं होतं आणि सरावाला आम्ही दोघीच आलो होतो, मी महाडची आणि माझी दुहेरीतली जोडीदार, वरच्या वाडीतली, गुरं रानात सोडून मग खेळायला येणारी. पुण्याच्या बॅडमिंटन अकादमीत शिकायला माझी एकटीची निवड झाली होती आणि ते तिला कसं सांगावं हे मला कळत नव्हतं. चार वर्षं मी पुढे नेटजवळ आणि ती माझ्या मागे, त्यामुळे खेळताना मला तिची पावलं तेवढी ओळखीची होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा समोर उभी राहिली, आणि स्मॅश मारण्याआधी ती खालचा ओठ दातांत धरते हे मला तेव्हा दिसलं. सर्व्हिस करता करता ती म्हणाली, "मला ठावं हाय गो, सरांनी सांगितलं काल." मी विचारलं, "रागावलीस?" "नाय. पन आज मुद्दाम हरू नको." पांढरं शटल धुक्यात विरघळायचं आणि एकदम हाताशी उमटायचं. मी जीव तोडून खेळले, तरी तीच जिंकली. आता माझ्यासोबत तिसरी जोडीदार खेळते; पण त्या दिवशी मी खरोखर हरले होते, हे तिला पटलं का, ते विचारायचं अजून राहूनच गेलंय.