राखेने घासलेला रियाल

येमेनमधल्या सना शहराच्या चांदीबाजारात हिझामच्या शब्दाला वजन होतं. दुकान गालिबचं, हिझाम उंबऱ्याशी बसून जुनी नाणी पारखायचा. परदेशी राणीचा मुखडा असलेला रियाल बायकांच्या गळ्यातून उतरून हाती आला, की तो आधी दगडावर वाजवी, मग राणीच्या खांद्यावरच्या पदकातले मोती अंगठ्याने चाचपी. मोती शाबूत, अंगावर जुनी काळपट झाक असली, तर नाणं हौशी गिऱ्हाइकाकडे जाई. नाहीतर मुशीत, वितळायला. कोण राहणार आणि कोण वितळणार, एवढंच त्याने जन्मभर ठरवलं. स्वतःचं काहीच नाही. बायको गेली, मुलगा सीमेपलीकडे गेला. तो उंबऱ्याशीच राहिला.

त्या दिवशी धाकटी बहीण तकिय्या आली. ओढणीच्या गाठीतून तिने एक रियाल काढला.

"पीठ संपलंय, दादा. हा विकायचाय. पण वितळवू नकोस. कुठेतरी आहे एवढं कळलं तरी मला पुरे."

हा तिच्या मुलाच्या, नाजीच्या पाळण्याचा, दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला. नाजी गोवरात गेला होता.

नाणं लखलखत होतं.

"काय केलंस हे?"

"राखेने घासलं, लिंबू लावलं. घराबाहेर जाणारी वस्तू मळकी कशी पाठवू? लोक म्हणतील, हिच्याकडे पाणीसुद्धा नाही."

"न्हाऊ घालून मारलंत की त्याला, ताई," गालिब आतून हसला. दुसरं कुणीच हसलं नाही.

हिझामने अंगठा फिरवला. मोती सपाट. कडेला खोलगट पोचा.

"पायरीवर आपटायचा नाजी," तकिय्या म्हणाली. "मामासारखं वाजवून बघायचा."

हिझामने नाणं तळहातावर उलटवलं.

"कसं आहे रे?" गालिबने विचारलं. हिझामने चांगलं म्हटलं असतं तर गालिबने न बघता घेतलं असतं. ते ठाऊक होतं, म्हणूनच खोटं जिभेवर येईना.

"घासलेलं. कडेला मार. मुशीत."

तकिय्या रडली नाही. "एकदा वाजव तरी."

त्याने वाजवलं. आवाज पूर्ण विरेपर्यंत ती ऐकत राहिली. मग गालिबने मुशीत जाणाऱ्या नाण्यांचा वाडगा पुढे केला.

त्या दुपारी आलेली बाकीची नाणी हिझामने न वाजवताच पारखली.